पाहुणीची सायकल

डर्वला मर्फी यांचे 'फुल टिल्ट' हे पुस्तक आम्ही पहिल्यांदा वाचले ते मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर घेतलेल्या जुन्या प्रतीत. तेव्हा आमचे सगळे लक्ष साहसाकडे होते. एक बाई एकटीच सायकलवर आयर्लंडहून निघते आणि इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून दिल्लीला पोहोचते, हे वाचून डोळे विस्फारले होते. शिवाय आणखी एक गोष्ट सुखावून गेली होती, ती कबूल केली पाहिजे. मुसलमानांविषयी इतक्या मायेने लिहिणारे युरोपीय पुस्तक तोपर्यंत आमच्या हाती आलेच नव्हते. अलीकडे पुन्हा वाचले. माया तीच होती, पण या वेळी ती तितकीशी सुखावह वाटली नाही. असे का झाले, ते येथे मांडायचे आहे.

मर्फीबाईंचा जन्म १९३१ सालचा, आयर्लंडमधील लिसमोर गावचा. वडील ग्रंथपाल. दहाव्या वाढदिवसाला मुलीला एक जुनी सायकल आणि एक जुना नकाशासंग्रह मिळाला. काही दिवसांनी गावाजवळच्या चढावर पायडल मारताना तिने मनाशी हिशेब केला, की हे पाय असेच फिरत राहिले तर एक दिवस आपण हिंदुस्थानात पोहोचू. ही गोष्ट तिने मोठ्यांपाशी बोलून दाखवली नाही. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, कारण आई संधिवाताने अंथरुणाला खिळलेली होती आणि तिचे करणारे दुसरे कोणी नव्हते. पुढची सोळा वर्षे, मधल्या लहानसहान सुट्या सोडल्या तर, आईच्या उशाशी गेली. १९६१ साली वडील वारले, १९६२ साली आई. जानेवारी १९६३ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्या निघाल्या. युरोपात तो हिवाळा कडाक्याच्या थंडीचा होता.

प्रवासवर्णनाची सुरुवात बहुधा नायकाच्या ओढीपासून होते. येथे ती एका मुलीच्या खोळंब्यापासून होते. आजाऱ्याच्या खाटेपाशी तारुण्य घालवलेल्या मुली आपल्या घराघरांत आहेत, त्यामुळे ही पाने आमच्या वाचकांना परकी वाटणार नाहीत. मर्फीबाई या वर्षांविषयी प्रस्तुत पुस्तकात फारसे बोलत नाहीत. ते सारे त्यांनी पुढे १९७९ सालच्या 'व्हील्स विदिन व्हील्स' या आत्मकथनात लिहिले. पण 'फुल टिल्ट'च्या पानापानांवर जी सुटकेची हवा आहे, तिचा उगम त्या सोळा वर्षांत आहे.

सायकलचे नाव रॉझ. डॉन किहोतेच्या घोड्यावरून ठेवलेले. निघण्यापूर्वी बाईंनी तिचे गिअर काढून टाकले, का तर त्या रस्त्यांवर ते टिकणार नाहीत. जादा टायर वाटेवरच्या शहरांत आधीच पाठवून ठेवले. जवळ एक पिस्तूल होते. या पिस्तुलाची मजा अशी की त्याचा जिवावर बेतलेला पहिला वापर करावा लागला तो युरोपात, युगोस्लाव्हियातील बर्फाळ रानात, लांडग्यांवर. पुढे पूर्व तुर्कस्तानात रात्री खोलीत शिरलेल्या एका माणसाला घाबरवण्यासाठी त्यांनी छतावर गोळी झाडली. ही हकिकत त्या लपवत नाहीत आणि तिच्यावरून साऱ्या मुलखाला आरोपीच्या पिंजऱ्यातही उभे करत नाहीत. आज अशा प्रसंगावर आख्खे पुस्तक उभे राहिले असते. येथे तो काही ओळींत संपतो आणि सकाळी सायकल पुढे निघते.

अफगाणिस्तानात मात्र पुस्तकाचा सूर बदलतो. अफगाण वकिलातीला एकट्या बाईला जाऊ देणे धोक्याचे वाटत होते. आत गेल्यावरही अधिकाऱ्यांनी काही पल्ला त्यांना बसनेच जायला लावले. अशाच एका बसमध्ये प्रवाशांचे भांडण जुंपले, बंदुकीचा दस्ता लागला आणि बाईंच्या बरगड्या मोडल्या. एवढे होऊनही त्या या देशाच्या प्रेमात पडल्या. हिंदुकुशच्या घाटांत, बामियानच्या खोऱ्यात, ज्या दारापाशी त्या थांबल्या तिथे चहा आला, रोटी आली, झोपायला जागा मिळाली. बामियानमध्ये त्यांनी पाहिलेल्या दोन भव्य बुद्धमूर्ती तालिबानने मार्च २००१ मध्ये फोडल्या. आज ती पाने वाचताना घशात काहीतरी अडकते.

या मेहमाननवाजीचे वर्णन हाच या पुस्तकाचा आत्मा. आणि आमची पहिली तक्रारही तिथेच आहे. मर्फीबाई या वागण्याचे मूळ अफगाणांच्या स्वभावात शोधतात. माणसे साधी आहेत, आधुनिक जगाने बिघडवलेली नाहीत, म्हणून ती अशी उदार आहेत, असा त्यांचा कल. मुसाफिराचा पाहुणचार हा तिथला रिवाज आहे हे त्यांना ठाऊक नाही असे नव्हे. पण रिवाज म्हणजे काय, याचा विचार त्या फार पुढे नेत नाहीत. पठाणांमध्ये 'मेलमस्तिया' हा इज्जतीचा कायदा आहे. कुराणाने जकातीचे जे आठ हकदार सांगितले, त्यांत 'इब्न-अस-सबील' म्हणजे वाटसरू आहे. ज्याच्या घरात दोनच रोट्या आहेत तो एक पाहुण्यापुढे ठेवतो, तेव्हा तो भोळा नसतो. त्याने मनाशी हिशेब केलेला असतो आणि तो हिशेब त्याला जड जात असतो. इब्न बतूता १३२५ साली टँजियरहून निघाला, हिंदुकुश ओलांडून दिल्लीला आणि पुढे आपल्या दौलताबादेपर्यंत आला, तो याच व्यवस्थेच्या आधारावर. त्याच्या लेखी हे सारे ओळखीचे होते, म्हणून चांगला यजमान कोण आणि कंजूष कोण, हे तो बेधडक नोंदवतो. मर्फीबाईंच्या पुस्तकात कंजूष माणूस भेटणे कठीण. ज्या समाजात कंजूषच नाहीत, त्याच्या उदारपणाला तरी काय अर्थ उरतो?

दुसरी गोष्ट भाषेची. बाईंना फारसी येत नव्हती, पश्तो येत नव्हती. त्यामुळे पुस्तकात जे बोलतात ते इंग्रजी जाणणारे: अधिकारी, लष्करातले लोक, डॉक्टर, स्वातच्या वलींचे घराणे. खेड्यातला माणूस हसतो, खुणा करतो, खाट पुढे ओढतो, बोलत नाही. जो बोलत नाही तो नेहमीच चांगला दिसतो. बायका तर आणखीच मुक्या. खरे पाहता मर्फीबाईंना जी संधी होती ती कुठल्याही पुरुष प्रवाशाला नव्हती. आखूड केस आणि राकट कपडे यांमुळे रस्त्यात लोक त्यांना पुरुष समजत आणि बाई आहे असे कळले की जनानखान्याचे दारही उघडे. त्या आत जातात, पण तिथे फार वेळ रमत नाहीत. त्यांचे मन बाहेर, रस्त्यावर.

रस्त्यांविषयीही त्यांचे मत ठाम आहे. त्या वर्षांत अमेरिका आणि सोव्हिएत रशिया दोघेही चढाओढीने अफगाणिस्तानात रस्ते बांधत होते. सालंगचा बोगदा १९६४ साली खुला झाला. बाईंना हे आवडत नाही. मोटार आली की खोरे संपले, असे त्यांना वाटते. यावर आम्हांला एकतर्फी निकाल देता येत नाही. डिसेंबर १९७९ मध्ये रशियन फौजा याच नव्या रस्त्यांनी आल्या, हे खरे. पण अडलेल्या बाळंतिणीला इस्पितळात न्यायलाही तोच रस्ता लागतो. ज्याला उद्या पुढच्या गावी जायचे आहे त्याला पायवाट सुंदर वाटते. जिला जन्मभर त्याच पायवाटेने पाणी आणायचे आहे तिला कोणी विचारले नाही.

इतके बोलल्यावर हेही सांगितले पाहिजे की जिथे मर्फीबाई मते मांडायचे सोडून फक्त पुढे सरकत राहतात, तिथे त्यांचे गद्य अव्वल दर्जाचे आहे. आमच्या मते पुस्तकातली सर्वश्रेष्ठ पाने सिंधूच्या खोऱ्यातली. रावळपिंडीहून त्या सायकलसह विमानाने गिलगिटला गेल्या. काराकोरम महामार्ग तेव्हा नव्हता. जीपगाड्यांची कच्ची वाट होती. उन्हाळ्यात सिंधूची ती घळ भट्टीसारखी तापते. दोन्ही बाजूंना उघडे कडे, खाली गढूळ पाणी, सावलीला झाड नाही. चिलासला पोहोचेपर्यंत उन्हाने त्या आजारी पडतात. आणि तिथून सुरू होतो बाबूसर खिंडीचा चढ. चिलास सुमारे चार हजार फुटांवर, खिंड तेरा हजार सातशे फुटांवर. सकाळी उन्हाने भाजलेली बाई थोड्याच अवधीत बर्फात वाट चुकते, सायकल ढकलते, मग अंगावर वाहून नेते. येथे वाक्ये आखूड होतात. विशेषणे गळून पडतात. पाय कुठे ठेवला, तो कसा घसरला, पुढे काय दिसले, एवढेच उरते. मूळ मजकूर प्रवासात लिहिलेल्या रोजनिशीचा आहे. हप्त्याहप्त्याने तो मित्रांना टपालाने पाठवलेला. त्यामुळे उद्या काय होणार, हे लिहिणारीलाही माहीत नाही. हा ताजेपणा मागाहून टेबलाशी बसून आणता येत नाही. मराठीत 'तुर्कनामा' आणि 'गाथा इराणी' लिहिणाऱ्या मीना प्रभूंकडे माहिती अधिक आहे, गप्पांची रंगतही अधिक आहे. पण थकलेल्या शरीराने पाहिलेला मुलूख हवा असेल तर गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'कडेच वळावे लागते.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ती गोष्ट.

आमच्या मोहल्ल्यात मशिदीमागच्या गल्लीत तासाच्या भाड्याने सायकली मिळत. आमची आपा आमच्याहून चार वर्षांनी मोठी. दहा वर्षांची असताना दांड्याखालून पाय घालून ती सायकल शिकली आणि वर्षभरात सीटवर बसून नदीच्या पुलापर्यंत जाऊ लागली. मग कोणीतरी अब्बांच्या कानावर घातले, की मुलगी आता मोठी होत चालली आहे. अब्बा रागावले नाहीत. आपाला भाड्याचे पैसे मिळेनासे झाले, एवढेच. याच अब्बांच्या दारातून मुसाफिर उपाशी गेलेला आम्ही कधी पाहिला नाही. रात्री-अपरात्री आलेल्या अनोळखी माणसासाठी ते स्वतःची खाट सोडून ओट्यावर झोपत. मर्फीबाई आमच्या गावावरून गेल्या असत्या तर अब्बांनी त्यांची सायकल स्वतः पुसून ठेवली असती, यात आम्हांला तिळमात्र शंका नाही. आणि बाईंनी अब्बांवर एक सुंदर परिच्छेद लिहिला असता. त्यात आपा नसती.

'फुल टिल्ट'ची मर्यादा हीच आहे. पाहुणीला जे दिसते ते पाहुणीपुढे मांडलेले असते. काबूलच्या ज्या मुलखात १९६३ साली एका परक्या बाईच्या सायकलला अदबीने वाट मिळाली, तिथेच पुढे मासूमा अलीजादा आणि तिच्या सोबतच्या मुली सरावाला निघाल्या तेव्हा त्यांना शिव्या आणि दगड मिळाले. मासूमाचे कुटुंब २०१७ साली फ्रान्सच्या आश्रयाला गेले; २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये ती निर्वासितांच्या संघातून सायकल चालवत होती. फरीबा आणि युल्दुझ हाशिमी या बहिणी ऑगस्ट २०२१ नंतर देश सोडून इटलीत गेल्या आणि २०२४ साली पॅरिसला अफगाणिस्तानच्या नावाने धावल्या. हा दोष मर्फीबाईंच्या पदरात टाकायचा नाही. तो आमचा आहे. पण पुस्तक वाचून नुसते फुशारून जाणारा आमचा वाचक तो दोष पुस्तकाआड लपवतो आणि लेखिकेची माया त्याला त्या कामी मदत करते.

बाई स्वतः मात्र या पुस्तकापाशी थांबल्या नाहीत. पुढे मुंबई-गोव्याच्या वाटेने कूर्गला आल्या, बाल्टिस्तानात भर हिवाळ्यात राहिल्या, दोन्ही वेळा लहान मुलगी बरोबर घेऊन. लेक सोबत असली की यजमानाघरची चूलही दिसू लागते. 'व्हेअर द इंडस इज यंग'मध्ये खाण्यापिण्याची टंचाई ठसठशीत दिसते ती त्यामुळे. ऐंशीच्या घरात असताना त्या गाझात गेल्या, तिथल्या बायकांशी तासन्‌तास बोलत बसल्या आणि २०१३ साली त्यावर पुस्तक काढले. त्यात पाहुणचाराची स्तुती आहे, आणि यजमानांशी वादही आहेत. २०२२ च्या मे महिन्यात लिसमोरलाच त्या वारल्या.

गेल्या रमजानमध्ये इफ्तारनंतर आपाला ही सारी हकिकत सांगितली. तिचे गुडघे आता दुखतात. गिअर काढून टाकल्याचे ऐकून ती म्हणाली, "मग घाटात काय करायची?"

"उतरून ढकलायची."

"त्या शेवटच्या खिंडीतसुद्धा?"

"तिथे तर अंगावर वाहून नेली."

आपाने सायकलचे वजन विचारले.