त्यांना शेवटची एसटी नसते का?

रहस्यकथा, भयकथा आणि प्रेमकथा यांविषयी मराठी समीक्षेनं लिहिलं आहे, पण त्या लेखनात वाचक क्वचितच भेटतो. भेटलाच तर 'पलायनवादी' या एका शब्दात त्याची बोळवण होते. हा शब्द कितपत टिकतो हे पाहण्यासाठी मी महाड-पोलादपूरकडच्या काही वाचकांशी बोललो. अलीकडे वाचलेल्या कादंबरीबद्दल सांगा, एवढंच विचारलं. संख्या थोडी आहे. त्यावरून सरसकट निष्कर्ष काढता येणार नाहीत. तरी तीन उत्तरं नोंदवावीशी वाटतात.

पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाडीतून महाडला कॉलेजात येणाऱ्या एका मुलीनं सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' वाचली होती. कादंबरी १९८२ची, तिच्यापर्यंत पोचली ती २०१३च्या चित्रपटामुळे. मैत्री, प्रेम, कट्टा, सगळं आवडलं. मग म्हणाली, "पण सर, या लोकांना शेवटची एसटी नसते का?" कट्ट्यावर बसायला वेळ लागतो, आणि तो कुणाकडे असतो, हा प्रश्न या कादंबरीवरच्या लेखनात माझ्या वाचनात आलेला नाही. तिनं पुस्तक नाकारलं नाही, दोनदा वाचलं. पण आपण त्यात कुठे बसत नाही, हेही वाचता वाचता मोजलं.

एका निवृत्त शिक्षकांनी नारायण धारपांची 'लुचाई' पुन्हा काढली होती. स्टीफन किंग यांच्या १९७५च्या 'सेलम्स लॉट'वर ती बेतलेली आहे. एकेक घर बाधित होत गाव हातचं जातं, हा गाभा. गुरुजींना पिशाचाची भीती वाटली नाही. "दिवा न लागणारी घरं मोजायची आम्हाला सवय आहे," ते म्हणाले. मुंबईला गेलेल्यांची कुलूपबंद घरं, गणपतीला आणि शिमग्याला उघडणारी. अमेरिकेतल्या मेन राज्यातलं गाव घाटाखालच्या वाडीत असं येऊन बसतं. रूपांतर मुळाशी किती प्रामाणिक, यावर आपण वाद घालतो. ते कोणती भीती जागी करतं, हे वाचकच सांगू शकतो.

तिसरे गृहस्थ महाडच्या बाजारपेठेतले. वडील मुंबईत गिरणीकामगार. मे महिन्यात गावी येताना बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तिका आणायचे. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. या मुलानं मुंबई प्रथम पाहिली ती झुंजार आणि काळापहाड यांच्या मागून. "गुन्हेगार सापडणार हे ठाऊकच असायचं. बाकी कशाचा भरवसा नव्हता, म्हणून ते बरं वाटायचं." ही दाद पलायनाच्या जवळ जाते, हे मान्य करायला हवं. पण आपण काय टाळतो आहोत, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

वाचकाला न विचारता त्याच्या वतीनं बोलण्याची आपली सवय जुनी आहे. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा १९६२ साली 'रंभा'च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. उच्च न्यायालयानं लेखकाला पंचवीस रुपये दंड केला. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष ठरवलं. कथा वाङ्मयीन दृष्ट्या थोर नसेल, पण म्हणून ती अश्लील ठरत नाही, असा त्या निकालाचा आशय. खटल्याचा सगळा भर वाचकावर, विशेषतः तरुण वाचकावर, काय परिणाम होईल यावर होता. अंक विकत घेऊन वाचणाऱ्यांना नेमकं काय वाटलं, हे मात्र निकाल वाचून कळत नाही. आपली समीक्षा याहून फार वेगळी वागलेली नाही. न्यायालयाला वाचक बिघडेल का याची काळजी होती, आपल्याला तो घडत नाही याची.

जुलै २०२१च्या पुरात महाड बुडालं, तेव्हा त्या बाजारपेठेतल्या घरातली अर्नाळकरांची ट्रंकही गेली. असल्या पुस्तिका संग्राह्य मानून जपणारे थोडे. त्यामुळे पुस्तक हरवलं की त्याच्या वाचनाचा पुरावा वाचकाच्या आठवणीतच उरतो, आणि ते गृहस्थ आता सत्तरीपुढचे आहेत. लोकप्रिय कादंबरीवर काम करणाऱ्या अभ्यासकानं कथानकाचे साचे जरूर मोजावेत. सोबत एवढंही लिहून घ्यावं: प्रत कुणी आणली, कुणाच्या हाती फिरली, आणि वाचणारा कोणत्या पानावर थांबून "हे पटत नाही" म्हणाला.