घरातील दुःख आणि बाहेरचा वाचक : 'द कलर पर्पल'च्या वाचकप्रतिसादाचा मराठी संदर्भात विचार

प्रस्तावना

ॲलिस वॉकर यांची 'द कलर पर्पल' ही कादंबरी १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. १९८३ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. कादंबरीसाठी हा सन्मान मिळविणाऱ्या वॉकर या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन लेखिका होत. आपल्याकडे इंग्रजी साहित्याच्या पदवी व पदव्युत्तर वर्गांतून ही कादंबरी वाचली जाते. तथापि ती वाचली जाते म्हणजे बहुतेक वेळा तिचे गाईड वाचले जाते आणि गाईडमधील 'स्त्रीवाद', 'वंशवाद', 'भगिनीभाव' या मथळ्यांखाली उत्तरे लिहिली जातात. वाचकाचा प्रतिसाद अशा रीतीने वाचनाआधीच तयार होतो. प्रस्तुत लेखात या कादंबरीला मिळालेल्या प्रतिसादाचा विचार करावयाचा आहे, आणि तो करताना मराठीतील तशाच एका वादाची सोबत घ्यावयाची आहे. बाहेरच्या अन्यायाने पिचलेल्या समाजातील एखाद्या लेखिकेने आपल्या घरातील अन्यायाविषयी लिहिले, तर तिचा वाचक कोणाच्या बाजूला उभा राहतो, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

मराठी विचारविश्वाचा अमेरिकेतील कृष्णवर्णीयांशी असलेला संबंध जुना आहे. महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉईस यांच्याशी पत्रव्यवहार केला. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात डॉ. म. ना. वानखेडे यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा आदर्श नव्या दलित लेखकांपुढे ठेवला. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच तेथून घेतले, आणि १९७८ मध्ये डॉ. जनार्दन वाघमारे यांचा 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हा ग्रंथ आला. हा सर्व इतिहास सर्वपरिचित आहे. त्याचे एक वैशिष्ट्य मात्र फारसे नोंदविले जात नाही. या देवाणघेवाणीत भर होता तो विद्रोहावर. रस्त्यावरच्या, सभेतल्या, जाहीरनाम्यातल्या शब्दावर. कृष्णवर्णीय माणूस प्रेम कसे करतो, त्याच्या घरात कोण कोणाला मारते, कोण कोणाची वाट पाहते, हे विचारण्याची निकड त्या काळी वाटली नाही. वॉकर यांची कादंबरी नेमकी तेथे सुरू होते.

कादंबरीचे स्वरूप व तिच्यावरील आक्षेप

सेली ही जॉर्जिया राज्यातील ग्रामीण भागातील चौदा वर्षांची मुलगी. ज्याला ती बाप समजते तो तिच्यावर अत्याचार करतो, तिची दोन मुले तिच्यापासून दूर करतो आणि पुढे तिला अल्बर्ट या विधुराच्या हवाली करतो. बोलायला कोणी नसल्यामुळे ती देवाला पत्रे लिहिते. धाकटी बहीण नेटी मिशनरी कुटुंबासोबत आफ्रिकेत जाते. तिची पत्रे अल्बर्ट वर्षानुवर्षे लपवून ठेवतो. शग एव्हरी ही गायिका घरात येते. ती अल्बर्टची जुनी प्रेयसी. सेलीला स्वतःवर प्रेम करावयास तीच शिकविते, आणि पेटीत दडविलेली पत्रेही या दोघींनाच सापडतात. त्यानंतर सेली पत्रांचा मायना बदलते. देवाऐवजी ती बहिणीला लिहू लागते.

या कादंबरीवर सर्वांत तीव्र आक्षेप आले ते कृष्णवर्णीय वाचकांकडून. कृष्णवर्णीय पुरुष येथे केवळ क्रूर दिसतो आणि श्वेतवर्णीय वाचकाच्या मनातील जुन्या समजुतींना त्यामुळे बळ मिळते, असे इश्माएल रीड व अन्य पुरुष लेखकांनी म्हटले. १९८५ मध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा चित्रपट आल्यावर हा रोष निदर्शनांपर्यंत पोहोचला. दुसरीकडे १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे शाळेच्या वर्गात ही कादंबरी लावण्यास हरकत घेतली गेली. ही हरकत लैंगिक वर्णनाविषयीची. तिचा येथे अधिक विचार करण्याचे कारण नाही.

आक्षेप घेणारे सारे पुरुषच होते असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. ट्रुडिअर हॅरिस या कृष्णवर्णीय विदुषीने १९८४ मध्ये लिहिलेल्या निबंधात या कादंबरीविषयीची आपली अस्वस्थता मांडली. सेली इतकी निमूट का, हा त्यांचा एक प्रश्न. त्याहून महत्त्वाचा मुद्दा असा की, प्रसारमाध्यमांनी या एका पुस्तकाला इतके उचलून धरले की कृष्णवर्णीय स्त्रीला त्याविरुद्ध बोलणेच अवघड झाले. हॅरिस यांचा हा मुद्दा रीड यांच्या रागापेक्षा जास्त टिकाऊ आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पुस्तकात काय आहे यापुरता तो मर्यादित नाही. पुस्तक कोणाच्या हातात आहे आणि ते कोणाला आवडते आहे, हेही तो विचारतो.

'जिणं आमुचं' : एक समांतर उदाहरण

बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८२ मध्ये, म्हणजे 'द कलर पर्पल'च्याच वर्षी, 'स्त्री' मासिकातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागले. पुस्तक १९८६ मध्ये आले. हा केवळ योगायोग आहे. परंतु दोन्ही लेखनांच्या मुळाशी असलेली परिस्थिती विलक्षण सारखी आहे. फलटणला छोटेसे दुकान चालविणाऱ्या बेबीताई पुड्या बांधायला आलेली रद्दी वाचत आणि लिहीत. आणि हे लेखन त्यांनी सुमारे वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. मॅक्सीन बर्नसन या अभ्यासिकेच्या प्रोत्साहनाने ते पुढे उजेडात आले. सेलीच्या बाबतीत पत्रे लपविणारा नवरा आहे. येथे नवऱ्यापासून वह्या लपविणारी बायको आहे.

बेबीताईंनी महारवाड्यातील सुनांचे जे वर्णन केले आहे ते मराठी वाचकाला हादरविणारे ठरले. पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात अडकविलेला लाकडी खोडा, सासूच्या चिथावणीने कापले गेलेले नाक, हे सारे त्यांनी लिहिले; आणि त्याचे कारणही सांगितले. ज्यांना सारे गाव गुलाम समजते त्यांना गुलाम करण्यासाठी घरातली सून तेवढी उरते, असा त्यांचा आशय आहे. वॉकर यांच्या कादंबरीत हार्पो आपल्या बायकोला, सोफियाला, कसे वठणीवर आणावे असे सेलीला विचारतो. आणि आयुष्यभर मार खाल्लेली सेली त्याला सांगते की तिला मार. पुढे सोफिया जाब विचारायला येते, सेली लाजते आणि दोघी मिळून गोधडीचे तुकडे जोडू लागतात. कादंबरीतील सर्वांत खरा प्रसंग कोणता, असे विचारल्यास हाच सांगावा लागेल. पुरुषांना काळे रंगविले म्हणून तक्रार करणाऱ्या टीकाकारांनी या प्रसंगाकडे दुर्लक्ष केले, कारण येथे दोष स्त्रीचा आहे आणि तो लेखिकेने झाकलेला नाही.

मराठीतील प्रतिसादही दुहेरी होता. दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) पासूनच काही शिक्षित दलित वाचकांना वाटत होते की, मागे टाकलेले जिणे पुन्हा चव्हाट्यावर मांडून काय साधणार? या वाचकांना भित्रे म्हणणे सोपे आहे. परंतु शहरात भाड्याने खोली शोधताना आडनाव विचारले जाते अशा माणसाला आपल्या वाड्यातील भांडणे छापून येण्याची धास्ती वाटली, तर ती समजून घ्यावी लागते. 'जिणं आमुचं' ज्या 'स्त्री' मासिकात आले त्याचा वाचकवर्गही मुख्यतः मध्यमवर्गीय होता. त्या वाचकाने हळहळावे आणि आपल्या घरात असे काही नसते असे मानून पान उलटावे, ही शक्यता तेथे होतीच. हॅरिस यांचा प्रश्न येथेही लागू पडतो.

आणखी एक बाब नोंदविली पाहिजे. नवऱ्याकडून झालेल्या मारहाणीविषयी बेबीताई मुलाखतीत बोलल्या. पुस्तकात त्यांनी स्वतःपेक्षा समाजाचे जिणे पुढे ठेवले. शीर्षकातील 'आमुचं' हा शब्द त्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. वॉकर यांना कादंबरीचा आडोसा होता. आत्मकथन लिहिणारीला तो नसतो, तिचा नवरा, दीर, सासू ही खरी माणसे असतात आणि पुस्तक निघाल्यावर त्याच गल्लीत राहतात. म्हणून 'बलुतं'मधील सईची हकिकत आपल्याला नवऱ्याच्या तोंडून कळते. सईने स्वतः ती कशी सांगितली असती, हे आपल्याला कधीच कळणार नाही.

पेठ परिसरातून वाचताना

प्रतिसाद हा वाचकाच्या जागेवर अवलंबून असतो, हे तत्त्व आपण नेहमी मांडतो. ते तपासून पाहण्यास नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यासारखी जागा उपयुक्त आहे. कोकणा, वारली, महादेव कोळी या समाजांची येथे वस्ती आहे. भात, नागली, वरई ही पिके निघाली की अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडकडील द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. दलित आणि आदिवासी यांचे अनुभव एक नव्हेत, आणि या दोहोंपैकी कोणताही अमेरिकेतील वंशभेदाशी तंतोतंत जुळत नाही, हे येथे प्रथमच स्पष्ट केलेले बरे.

सेलीच्या लग्नाचा प्रसंग घ्या. अल्बर्ट घोड्यावर बसून तिला मागून पुढून न्याहाळतो आणि तिच्यासोबत गाय मिळणार का, याची खातरजमा करतो. अमेरिकी वाचकाला येथे गुलामांचा लिलाव आठवतो. महाराष्ट्रातील सखल भागातील वाचकाला गाय म्हणजे हुंडा वाटते. ज्या समाजांत परंपरेने वराकडील मंडळी मुलीच्या बापाला 'देज' देत आली, त्या समाजातील वाचकाला मात्र हा व्यवहार उलटा वाटेल : मुलगी काम करणारी, मग गायही तिच्या बापानेच का द्यावी? हा प्रश्न भाबडा नाही. सेलीच्या श्रमाला बापाच्या लेखी काहीच किंमत नाही, ही कादंबरीतील खोच त्यातून अधिक चांगली उघड होते. देज दिल्याने बाई स्वतंत्र होते असे नव्हे. परंतु तिच्या हातांना किंमत आहे एवढे तरी त्यात गृहीत असते.

नेटीच्या आफ्रिकेतील पत्रांविषयी पाश्चात्त्य समीक्षकांचे मत सहसा प्रतिकूल आहे. ती पत्रे लांबट आहेत, मूळ कथेशी जोडलेली वाटत नाहीत, असे म्हटले जाते. परंतु त्या पत्रांत काय आहे? ओलिंका लोकांच्या गावाकडे रस्ता येत आहे. आपल्यासाठीच येतो आहे असे समजून गावकरी बांधणाऱ्यांना जेवण देतात. रस्ता मात्र गावाशी थांबत नाही; तो घरांवरून आणि शेतांवरून पुढे जातो. जमीन रबराच्या कंपनीची झाली आहे हे त्यांना नंतर कळते, आणि मग स्वतःच्या जागेवर राहण्याचे भाडेही द्यावे लागते. ज्या पानांनी ते छप्पर शाकारतात आणि ज्यांना देव मानतात, ती पाने जाऊन पत्रे येतात. कणसरीला मानणाऱ्या आणि कसत असलेल्या वनजमिनीच्या कागदासाठी मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या शेतकऱ्यांच्या मुलामुलींना हा भाग कंटाळवाणा वाटण्याचे कारण नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतरही जे दावे रखडले, त्यांची चर्चा येथे घरोघरी असते.

वॉकर यांनी ओलिंकांनाही सोवळे ठरविलेले नाही, हे येथे विसरता कामा नये. मुलींना शिकवू नये, स्त्रीला नवऱ्यावाचून ओळख नसते, असे तेथील पुरुष नेटीला ऐकवितात. कंपनीने लुटलेला समाज आपल्या मुलींना घरात डांबतो. जॉर्जियात जे आहे तेच आफ्रिकेत आहे. म्हणजे नेटीची पत्रे कथेपासून तुटलेली नाहीत. उलट तोच प्रश्न ती दुसऱ्या भूमीवर विचारतात. आदिवासी संस्कृतीत स्त्रीला समानता आहे असे वाक्य आपल्या शोधनिबंधांतून फार सहजपणे लिहिले जाते. त्या वाक्याकडे या पत्रांच्या उजेडात पाहण्यास हरकत नाही.

कादंबरीचा शेवट हा तिचा दुबळा भाग होय. सेलीला घर मिळते, दुकान मिळते, विजारी शिवण्याचा तिचा व्यवसाय भरभराटीस येतो, अल्बर्टही सुधारून शिवणकामाला बसतो आणि नेटी मुलांसह परत येते. इतके सारे एकदम जुळून येणे पटत नाही. अल्बर्टचे बदलणे मात्र यातून वेगळे काढावे लागेल; त्याला क्रूरच ठेवले असते तर पुरुष टीकाकारांचा आक्षेप खरा ठरला असता. तो आक्षेप घेणाऱ्यांनी कादंबरीचा शेवटचा चतुर्थांश लक्षपूर्वक वाचला होता काय, अशी शंका येते.

भाषेचा प्रश्न

सेली आपल्या बोलीत लिहिते, नेटी शाळेतील इंग्रजीत. पुढे सेलीच्या कामात मदत करणारी एक स्त्री तिला 'शुद्ध' बोलण्यास शिकवू पाहते. आपल्या मनाला परके वाटेल असे बोलावे कशाला, असे सेलीला वाटते. मराठीत या कादंबरीचा विचार करताना ही खरी अडचण आहे. सेलीला प्रमाण मराठी दिली तर दोन बहिणींतील अंतरच नाहीसे होईल. तिला डांगी-कोकणी दिली तर ती जॉर्जियाची न राहता हरसूल-पेठची होईल, वऱ्हाडी दिली तर विदर्भाची. कोणतीही बोली निवडली तरी तिच्यासोबत एक प्रदेश आणि एक जात येते, आणि मराठी वाचक ती लगेच ओळखतो. तरीही बोलीच निवडावी लागेल. प्रमाण भाषेतील सेली ही सेली राहणार नाही. बेबीताईंच्या लेखनाची ताकदही त्यांच्या बोलण्याच्या वळणातच आहे.

नेटीची शैली कोरडी आहे, हा आक्षेपही या बाजूने पाहता वेगळा दिसतो. आश्रमशाळेत शिकलेली मुलगी घरी पत्र लिहिते तेव्हा 'तीर्थरूप' पासून 'कळावे' पर्यंत पुस्तकातील शब्द वापरते. घरी ती ज्या बोलीत भांडते आणि रडते ती लिहावी कशी, हे तिला कोणी शिकविलेले नसते.