मुक्त, मोफत आणि फुकट

इंग्रजी भाषा जगभर पसरली खरी, पण काही बाबतीत तिच्या घरात अगदीच खडखडाट आहे. काका, मामा, आत्याचे यजमान आणि मावशीचे यजमान या चौघांना ती एकाच शब्दात गुंडाळते, हे आपण जाणतोच. तिचा तसलाच दुसरा गरीब शब्द म्हणजे 'फ्री'. तुरुंगातून सुटलेला माणूस फ्री, साबणाबरोबर मिळणारा चमचा फ्री आणि रविवारी दुपारी पंख्याखाली लोळणारा कारकूनही फ्रीच! मराठीने मात्र इथे हात सैल सोडला आहे. आपल्याकडे मुक्त आहे, मोफत आहे आणि फुकटही आहे. संत मुक्त होतात, नेत्रतपासणी मोफत असते आणि सल्ला फुकट मिळतो. तुकोबांना मोक्ष मोफत मिळाला असे कोणी म्हणत नाही, आणि आमंत्रणाशिवाय लग्नात जेवून आलेल्याला कोणी मुक्त म्हणत नाही.

इतकी सोय असताना यंत्रांच्या बाजारात शिरला की मराठी माणूस हे तिन्ही शब्द एकाच पिशवीत भरतो, आणि घरी येऊन पिशवी उलटी केली की हातात भलतेच काही येते. माझी तक्रार एवढीच आहे.

आधी एक खुलासा. मी यंत्रांचा वैरी नाही. उलट घरातल्या एका संगणकाचे झाकण मी कायमचे उघडे ठेवले आहे, आणि सौभाग्यवतींच्या मते तो आता देव्हाऱ्याइतकी जागा खातो आणि देवाइतकाही उपयोगी पडत नाही. पण यंत्र आवडणे निराळे आणि यंत्राची जाहिरात आवडणे निराळे. आमच्या भाच्याला हा फरक मान्य नाही. बाजारात नवी वस्तू आली की ती आठ दिवसांत त्याच्या मनगटावर, कानात किंवा खिशात असते. परवा त्याने मला एक स्मार्ट घड्याळ बांधले. कळंबच्या किनाऱ्यावर फिरून आलो तर घड्याळ म्हणाले, आज तुम्ही सहा हजार पावले चाललात. मला ते आधीच ठाऊक होते. पाय माझेच होते.

'स्मार्ट' या विशेषणाचे हल्ली असेच झाले आहे. पूर्वी यंत्रे 'स्वयंचलित' असत, मग 'डिजिटल' झाली, मग 'स्मार्ट', आणि आता सगळ्यांनाच 'एआय' झाले आहे. एआय असलेले कपडे धुण्याचे यंत्रही निघाले. कपडा सुती की रेशमी हे त्याला म्हणे कळते. विजारीच्या खिशात राहिलेली शंभराची नोट मात्र त्याला अजून कळत नाही. ज्ञान आहे, पण प्रपंचाचे नाही.

आमच्याकडे कार्तिकात निर्मळची जत्रा भरते. तिथे भाजी चिरायचे यंत्र विकणारा एक इसम हमखास असतो. त्याच्या हातात काकडीची फुले होतात, गाजराच्या साखळ्या निघतात. तेच यंत्र घरी आणले की फक्त बोट चिरते. तरीही तो जत्रेतला विक्रेता मला हल्लीच्या कंपन्यांपेक्षा सज्जन वाटतो. त्याची किसणी पुढच्या वर्षी 'आता या किसणीला नवे गाजर चालणार नाही' असे सांगत नाही, आणि खोबरे किसण्याआधी परवलीचा शब्दही मागत नाही.

आता फुकटाकडे वळू. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'रिंगिंग बेल्स' नावाच्या कंपनीने २५१ रुपयांत स्मार्टफोन द्यायची घोषणा केली. २५१ म्हणजे आपला शुभकार्यातला आहेर. पहिल्याच दिवशी लोक असे तुटून पडले की कंपनीचे संकेतस्थळ आडवे झाले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे परिव्यय पत्रक नावाचा एक रूक्ष प्रकार मला शिकवलेला आहे. कच्चा माल अधिक मजुरी अधिक वरखर्च, आणि शेवटी राहिलाच तर नफा. नुसता पडदा आणि बॅटरी यांचीच बेरीज २५१ च्या पुढे जात होती. पण फुकटाची हाक आली की आपला बेरजेचा हात आपोआप खिशात जातो. फारच थोड्या लोकांना तो फोन मिळाला. बाकीच्यांना अनुभव मिळाला, तोही फुकट म्हणता येणार नाही.

दुसरा फसवा नमुना म्हणजे 'नो कॉस्ट ईएमआय'. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे शब्द ऐकले की, आचाऱ्याला 'बिनमिठाची चवदार आमटी' ऐकल्यावर होईल तसे होते. सप्टेंबर २०१३ मध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेने बँकांना सुनावले होते की शून्य टक्के व्याज अशी चीज अस्तित्वातच नसते, व्याज कुठल्या तरी दुसऱ्या नावाखाली लपलेले असते. बाजाराने हे मुकाट्याने ऐकून घेतले आणि फक्त पाटी बदलली. आता बहुधा असे करतात की व्याजाइतकी सूट किमतीत दाखवायची आणि मग व्याज लावायचे. समजा व्याज १,३०० रुपये झाले, तर तेवढीच सूट मिळून हिशेब चुकता. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३४ रुपये, ते कोणी द्यायचे? आणि प्रक्रिया शुल्क? ते आपणच. म्हणजे 'नो कॉस्ट' याचे मराठी भाषांतर 'दुकानदाराला नो कॉस्ट' असे करावे लागते.

मोफताची तऱ्हा जरा सभ्य असते. २०१५ साली गूगलने फोटो साठवायला अमर्याद जागा मोफत देऊ केली. (फोटोचा आकार तेवढा जरा आवळून.) लोकांनी मुंजी, बारशी, माथेरान, जेवणाची ताटे आणि चुकून निघालेले स्वतःचे अंगठे असे सगळे तिथे नेऊन ठेवले. १ जून २०२१ पासून 'अमर्याद' संपले. त्यापुढचे फोटो १५ जीबीच्या हिशेबात धरू लागले, वर जागा हवी तर भाडे. यात फसवणूक काही नाही, बरे का. कोणाच्या ओटीवर आपण सहा वर्षे सामान ठेवले, तर त्याने केव्हा तरी भाड्याची गोष्ट काढायचीच. प्रश्न एवढाच की तोवर सामान इतके झालेले असते की हलवण्यापेक्षा भाडे भरणे सोपे वाटते. मोफताचा अर्थ 'किंमत नाही' असा नसून 'किंमत नंतर सांगू' असा आहे.

आणि मुक्त? त्याची कथा एका प्रिंटरपाशी सुरू होते. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेतला एक प्रिंटर सारखा कागद गिळायचा. तिथल्या रिचर्ड स्टॉलमनला कागद अडकला की सर्वांना निरोप जाईल अशी सोय करायची होती. त्यासाठी प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रामची मूळ संहिता हवी होती. ज्याच्याकडे ती होती त्याने दिली नाही, कारण त्याने गुप्ततेचे वचन लिहून दिले होते. बँकेच्या खिडकीत पासबुके छापून देणाऱ्या कोणालाही स्टॉलमनचा संताप समजावून सांगावा लागणार नाही. फरक इतकाच की आम्ही प्रिंटरला चापट मारतो, त्याने १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ काढली. त्याचे म्हणणे साधे होते : प्रोग्राम चालवायची, उघडून बघायची, सुधारायची आणि दुसऱ्याला द्यायची मुभा असली पाहिजे. पैसे घ्या, पण कुलूप लावू नका. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला, आणि आज आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तोच असतो. पोटात मुक्त, वरून कंपनीची कुलपे, असा हल्लीचा संसार आहे.

मात्र मुक्तवाल्यांची आरती ओवाळायचाही माझा विचार नाही. त्यांच्यातल्या कोणाला 'आवाज येत नाही हो' म्हणून विचारावे, तर तो आधी आपण कुठल्या पंथाचे लिनक्स वापरतो ते विचारतो, मग तो पंथ कसा चुकीचा हे सांगतो, आणि शेवटी मंत्रासारख्या दोन ओळी टंकायला देतो. आवाज येतो, पण कागद छापायचा थांबतो. शिवाय 'सर्वांसाठी उघडे' म्हणजे 'सर्वांनी पाहिलेले' असे नव्हे. इंटरनेटवरचे व्यवहार गुप्त राखणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त प्रोग्रामात २०१२ साली एक भोक पडले, ते २०१४ च्या एप्रिलपर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही. जगातल्या मोठमोठ्या कंपन्या तो प्रोग्राम वापरत होत्या आणि तो सांभाळणारी माणसे मात्र मूठभर होती. गावविहिरीचे पाणी सगळे भरतात, रहाटाला तेल कोणी घालत नाही. बोभाटा झाल्यावर कंपन्यांनी वर्गणी काढली. जे मुक्त होते ते त्यांनी इतकी वर्षे फुकट समजून वापरले होते.

तरीही माझे मत मुक्ताच्या बाजूने पडते, त्याचे कारण आमच्याकडचे एक गुरुजी.

निवृत्तीनंतर गुरुजींनी आपल्या पट्ट्याची माहिती लिहायला घेतली. वसईतली बावखले आपण पाहतो, म्हणजे जी बुजवायची राहिली आहेत ती पाहतो. गुरुजींनी त्यांची यादी केली होती : कुठले बावखल कोणाच्या वाडीत, पाणी कुठल्या महिन्यापर्यंत पुरते, त्यावर कोणाची केळी आणि कोणाची पानवेल शिंपली जाते. १९९९ साली नालासोपाऱ्याच्या एका दुकानात त्यांनी ते सगळे संगणकावर टंकून घेतले. हस्तलिखित वाळवीने खाल्ले, छापील प्रत पावसात भिजली, गुरुजीही गेले. पण 'फाइल आहे ना', म्हणून सगळे निर्धास्त होते. अलीकडे त्यांच्या मुलीने ती फाइल माझ्याकडे आणली. उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरे, डॉलरची चिन्हे आणि उलटी प्रश्नचिन्हे.

ताई बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाबांनी हे कुठल्या भाषेत लिहिलंय?"

बाबांनी मराठीतच लिहिले होते. पण त्या काळी मराठी सॉफ्टवेअर विकणाऱ्या प्रत्येकाची लिपी वेगळी. फाइलच्या पोटात असायचे रोमन अक्षर, त्याला फॉन्टचे धोतर नेसवून मराठी म्हणून उभे करायचे. धोतर कंपनीचे. कंपनीचा फॉन्ट नसला की मराठी नाहीशी. तो चालवायला संगणकामागे एक कुलूपवजा खुंटीही खोचावी लागे. ती खुंटी दुकानाबरोबर गेली, आणि दुकानाच्या जागी आता केक मिळतात.

खरे तर सर्वांसाठी एकच खुली व्यवस्था असलेले युनिकोड १९९१ मध्येच देवनागरीसकट तयार झाले होते. आपल्या 'ॲ'ला त्यात स्वतःचे घर मिळायला मात्र २००८ साल उजाडले, आणि त्याच वर्षी आयफोनचे ॲपचे दुकान आणि पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आले. म्हणजे 'ॲप' ही वस्तू आणि ते लिहायचे अक्षर एकाच पंचांगात जन्मले. पण १९९९ च्या दुकानदाराला खुली व्यवस्था परवडणारी नव्हती. गिऱ्हाईक बांधलेले बरे.

शेवटी कोणा अनोळखी लोकांनी हौसेने लिहून, संहितेसकट सर्वांना देऊन टाकलेला एक प्रोग्राम भाच्याने शोधला. जुनी अक्षरे घालायची, युनिकोड बाहेर. बहुतेक मजकूर परत आला. 'शेतकऱ्यांच्या' मधला अर्धा र जागोजागी मोडला होता, तो ताई आणि मी तीन रविवार बसून सांधला. भाच्याने घड्याळ काढून ठेवून मदत केली. दोन पाने मात्र कुठल्या तरी तिसऱ्याच फॉन्टमध्ये होती. ती गेली. त्यांवर काय होते ते आता गुरुजींनाच ठाऊक, आणि तिथली बावखले असली तर त्यांना.

आता गंमत पहा. आमच्यापासून सायकलच्या अंतरावर सोपारा आणि भुईगाव. सोपाऱ्यात १८८२ मध्ये अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, भुईगावला १९५६ मध्ये नवव्याचा. बावीसशे वर्षांपूर्वीचा मजकूर, आणि तो वाचता येतो. मध्यंतरी लोक ब्राह्मी विसरले होते हे खरे, पण १८३७ मध्ये प्रिन्सेपने अक्षरे लावली तेव्हा त्याला कोणाचा परवाना काढावा लागला नाही. अशोकाने तोच मजकूर देशभर ठिकठिकाणी कोरून ठेवला होता, लिपी सर्वांची, खडक उघड्यावर. आणि नवव्या लेखात आहे काय? लोक आजारपणात, लग्नाकार्यात, प्रवासाला निघताना नाना क्षुल्लक विधी करतात, त्यांचे फळ थोडे, असे राजा म्हणतो. हे वाचल्यावर मला नव्या फोनचे खोके उघडतानाचे चित्रण करणारे आणि ते बघणारे असे दोघेही आठवतात.

बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या असतात. एक बँकेची, एक गिऱ्हाइकाची. बँक आपली किल्ली फिरवून बाजूला होते, आतले दागिने ही तिची बाब नव्हे. हल्लीच्या यंत्रांत दोन्ही किल्ल्या कंपनीकडे आणि दागिने तेवढे आपले. म्हणून वस्तू घेताना ती फुकट आहे का, मोफत आहे का, एवढेच विचारून भागत नाही. मी ठेवलेले उद्या मला दुसरीकडे नेता येईल का, आणि तुम्ही दुकान बंद केल्यावरही उघडता येईल का, हे विचारले पाहिजे. मुक्त याचा व्यवहारातला अर्थ एवढाच.

मी हा प्रश्न परवा विरारच्या एका दुकानात विचारून पाहिला. विक्रेत्या मुलाने तो लक्षपूर्वक ऐकला, क्षणभर विचार केला आणि अदबीने म्हणाला, "सर, याच्यावर कव्हर फ्री आहे."