काच ठिसूळ, धातू वर्धनीय : तक्त्यातील दोन चुका

नागपूरहून रेल्वेने निघाले की कन्हान जंक्शनला रामटेकचा फाटा फुटतो. जिथे एक रूळ दुसऱ्या रुळाला छेदतो, तिथे प्रत्येक चाक घणासारखे आदळते. अशा जागी बसवण्यासाठी रेल्वेत मँगनीज-पोलादाचे ओतीव तुकडे वापरतात. हे पोलाद रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी १८८२ मध्ये शोधले. त्यात १२ ते १४ टक्के मँगनीज असते. मँगनीजचे खनिज तर कन्हानच्या उत्तरेला मनसरलाच निघते.

नव्या तुकड्याचे व्हिकर्स काठिण्य सुमारे २०० असते. चाकांचे आघात सोसून त्याचा पृष्ठभाग ५०० च्या आसपास पोचतो. मग या पोलादाचे काठिण्य किती म्हणायचे?

आता आपला फळ्यावरचा तक्ता आठवा. धातू : वर्धनीय, तन्य. काच : ठिसूळ. आम्हीही हा तक्ता अनेक वर्षे लिहीत आलो. पाठ करायला तो सोपा आहे. पण त्यात दोन चुका दडलेल्या आहेत.

पहिली चूक अशी, की 'काच' हे पदार्थाचे नाव नसून रचनेचे आहे. १९६० मध्ये अमेरिकेत पोल ड्यूवेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोने व सिलिकॉन यांचा वितळलेला मिश्रधातू सेकंदाला सुमारे १० लाख अंश इतक्या वेगाने थंड केला. अणूंना रांगेत बसायला वेळच मिळाला नाही. ही धातुकाच! धातूची चकाकी आहे, विद्युतवहन आहे, पण स्फटिक नाहीत. आपल्याकडे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही झिर्कोनियम-निकेलच्या धातुकाचांचा अभ्यास झाला आहे.

दुसरी चूक अधिक खोल आहे. गुणधर्म सांगताना तो कोणत्या कसोटीवर तपासला, हे आपण सांगत नाही. धातुकाचेची कांडी ताणली, तर ती एखाद्याच तिरक्या पट्ट्यात सरकते आणि तुटते. हा पट्टा जेमतेम १० ते २० नॅनोमीटर जाडीचा असतो. ही कसोटी म्हणते : ठिसूळ. त्याच काचेवर व्हिकर्स यंत्राचा हिऱ्याचा मनोरा दाबा. आता भोवतालचा पदार्थ चहूबाजूंनी आवळून धरतो, त्यामुळे एकच पट्टा बेफाम पुढे जाऊ शकत नाही. अनेक पट्टे निर्माण होतात. ठशाच्या कडेला पदार्थ वर फुगतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली अर्धवर्तुळाकार पायऱ्या दिसतात. ही कसोटी म्हणते : आकार बदलतो, तुटत नाही. दोन्ही उत्तरे खरी आहेत.

आणखी एक गंमत. स्फटिकी धातू ठोकला की स्फटिकांतील दोष वाढतात, एकमेकांत अडकतात आणि धातू कठीण होतो. धातुकाचेत अडकायला स्फटिकच नाहीत. पट्ट्यातले अणू विस्कटून सैल होतात, म्हणून पुढची घसरण तिथेच सोपी होते. लाटून भरपूर पट्टे पाडलेल्या धातुकाचेचे काठिण्य कमी भरते. एकाच प्रकारच्या वागणुकीला दोन पदार्थांचा प्रतिसाद अगदी उलट!

धातुकाच शाळेत आणता येणार नाही. तांब्याची जाड तार आणता येईल. ती ज्योतीवर लाल करून थंड होऊ द्या. मग विद्यार्थ्यांना वाकवून सरळ करायला सांगा. वाकलेली जागा ताठ झालेली बोटांना कळते. सरळ करताना तार शेजारीच वाकते. पुन्हा तापवली की मऊ. तार तीच, पदार्थ तोच. काठिण्य मात्र बदलले.

तक्ता पुसून टाका, असे आमचे म्हणणे नाही. त्यात एक रकाना वाढवावा : 'कसे तपासले?' आणि एखाद्या मुलीने उत्तरपत्रिकेत 'प्रत्येक काच प्रत्येक वेळी ठिसूळ नसते' असे लिहिले, तर लाल फुली मारण्यापूर्वी तिला बोलावून 'का?' एवढे विचारावे.