कारागृह प्रशासनाची स्वायत्तता : मुल्ला समिती ते आदर्श अधिनियम – एक चिकित्सा

प्रास्ताविक :

१८९४ चा कारागृह अधिनियम हा भारतीय तुरुंगव्यवस्थेचा पाया होय. बंद्यास सुरक्षित कोंडून ठेवणे व शिस्त राखणे ही त्याची मुख्य दृष्टी. १९१९-२० च्या भारतीय कारागृह समितीने बंद्याची सुधारणा हे तुरुंगाचे उद्दिष्ट मानले. तथापि कायद्याची चौकट बदलली नाही. स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाचा सर्वांत व्यापक विचार न्या. आनंद नारायण मुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने (१९८०-८३) केला. प्रस्तुत लेखात या समितीच्या शिफारशी व २०२३ चा आदर्श कारागृह व सुधारात्मक सेवा अधिनियम यांची स्वायत्ततेच्या निकषावर चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

मुल्ला समितीची भूमिका :

समितीने राष्ट्रीय कारागृह आयोग स्थापावा, कारागृह हा विषय समवर्ती सूचीत आणावा व अखिल भारतीय कारागृह सेवा निर्माण करावी, असे सुचविले. यामागील तर्क स्पष्ट आहे. पकडणे हे पोलिसांचे काम, सांभाळणे व सुधारणे हे तुरुंगाचे. दोन्ही कामे एकाच मनोवृत्तीच्या हाती राहिल्यास दुसरे पहिल्यात विरून जाते. प्रत्यक्षात कारागृह हा विषय सातव्या अनुसूचीनुसार आजही राज्यसूचीतच आहे आणि बहुतेक राज्यांत या विभागाचे प्रमुखपद पोलीस सेवेतील अधिकाऱ्याकडेच असते.

ही भूमिका मोलाची असली तरी अपुरी आहे. समितीचा भर प्रशासकाच्या स्वायत्ततेवर आहे. परंतु स्वतंत्र सेवा म्हणजे स्वतंत्र देखरेख नव्हे. पोलिसांपासून मुक्त झालेला तुरुंगाधिकारीही स्वतःचाच परीक्षक राहिला, तर बंद्याच्या दृष्टीने काय बदलले?

देखरेखीचा प्रश्न :

सुनील बात्रा खटल्याच्या दुसऱ्या निकालाचा उगम तिहारमधील एका बंद्याने सहबंद्याच्या छळाविषयी न्यायमूर्तींना लिहिलेल्या पत्रात आहे. न्यायालयाने तक्रारपेट्या ठेवण्याचा व न्यायिक अधिकाऱ्यांनी नियमित भेटी देण्याचा आदेश दिला. ते पत्र भिंतीबाहेर पोहोचले म्हणून न्याय मिळाला. जी पोहोचली नाहीत त्यांचे काय?

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांतील जातिआधारित कामवाटपाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. सफाईचे काम कोणी करावे, स्वयंपाक कोणी करावा हे जातीवरून ठरविणारे नियम संविधान लागू झाल्यानंतर चौऱ्याहत्तर वर्षे छापील स्वरूपात जिवंत होते. या काळात समित्या झाल्या, अधिकृत अभ्यागतांच्या भेटी झाल्या. पण हे नियम न्यायालयापुढे आणण्यासाठी एका पत्रकाराची याचिका लागली. २०२३ च्या आदर्श अधिनियमातही जातिभेदास स्पष्ट मनाई नव्हती. न्यायालयाने केंद्रास त्यात आवश्यक बदल करण्याचा निर्देश दिला. अंतर्गत पाहणी स्वतःची नियमपुस्तिकाही वाचत नाही, हेच यावरून सिद्ध होते.

स्वायत्ततेची मर्यादा :

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस ४,३६,२६६ क्षमतेच्या कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे सुमारे ७६ टक्के न्यायाधीन बंदी होते. कायद्याच्या दृष्टीने त्यांचा दोष त्या खटल्यात अद्याप सिद्ध झालेला नाही. तुरुंगात कोण यावे हे पोलीस ठरवितात, केव्हा सुटावे हे न्यायालय. कारागृह प्रशासनाच्या हाती यांपैकी काहीच नाही. म्हणून कितीही स्वायत्त आयोग नेमला तरी केवळ नव्या इमारती बांधून गर्दीचा प्रश्न सुटणार नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या आरोपीस, काही अपवाद वगळता, कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश कालावधीनंतर जामिनाचा मार्ग दिला आहे. मात्र ही मुदत भरल्याची दखल तुरुंगाधीक्षकाने न्यायालयास लेखी कळवावयाची आहे. ती त्याने कळविली की नाही, हे तपासणारी स्वतंत्र यंत्रणा नसेल तर हक्क कागदावरच राहील.

समारोप :

आदर्श अधिनियम राज्यांना केवळ मार्गदर्शक आहे. त्यातील खुली कारागृहे, तंत्रज्ञान व पुनर्वसन यांवरील भर स्वागतार्ह आहे. खुल्या कारागृहाची कल्पना आपणास नवी नाही. औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे १९३९ मध्येच बंद्यांवर विश्वास टाकून दाखविला होता. परंतु विश्वासाला उत्तरदायित्वाची जोड हवी. मुल्ला समितीने मागितलेल्या आयोगास पूर्वसूचनेशिवाय प्रवेशाचा, बंद्याशी एकांतात बोलण्याचा व आपला अहवाल थेट विधिमंडळापुढे ठेवण्याचा अधिकार मिळाला पाहिजे. एरवी स्वायत्तता ही प्रशासनाची सोय ठरेल, बंद्याचे संरक्षण नव्हे.