‘टोरी’ : एका शिवीचे कुळ

ब्रिटनच्या काँझर्व्हेटिव्ह पक्षाला मराठी वृत्तपत्रांनी ‘हुजूर पक्ष’ म्हटले आणि ‘टोरी’ म्हणजे खानदानी जमीनदार, असे आपण धरून चाललो. शब्दाचे कूळ मात्र हुजुरांच्या वाड्यातले नव्हे, आयर्लंडच्या रानातले आहे. पाठलाग या अर्थाच्या आयरिश शब्दापासून तो आला. क्रॉमवेलच्या स्वारीनंतर, १६५२ च्या कायद्याने, कॅथलिकांच्या जमिनी हिरावल्या गेल्या. त्यांतले काही रानात शिरून लुटीवर जगू लागले, ते ‘टोरी’. त्यांना हुतात्मे ठरविण्याचे कारण नाही. त्यांच्यापायी रयतेचेही हाल होत. म्हणूनच आर्माचे आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट यांनी त्यांच्याशी बोलणी करून काहींना देश सोडण्यास राजी केले.

१६७८ साली टायटस ओट्सने कॅथलिकांच्या कटाची खोटी कहाणी रचली. राजबंधू जेम्स कॅथलिक, म्हणून त्याचा वारसाहक्क काढण्याची विधेयके आली. त्यांना विरोध करणाऱ्यांना ‘टोरी’ म्हणून हिणविले गेले. गंमत अशी की, हे विरोधक बहुतांशी पक्के अँग्लिकन होते! प्रतिपक्षाला त्यांनी स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन बंडखोरांचे ‘व्हिग’ हे नाव चिकटविले.

या टोरींची थोर कविता म्हणजे ड्रायडनची ‘ॲब्सलम अँड अकिटोफेल’ (नोव्हेंबर १६८१). दावीद राजा आणि अबशालोम यांच्या कथेत त्याने चार्ल्स राजा व त्याचा अनौरस पुत्र मन्मथ यांना बसविले. अहीथोफेलाच्या रूपातले शाफ्ट्सबरीचे व्यक्तिचित्र तर अजोडच. पण यबूसी म्हणून आलेल्या कॅथलिकांची, त्यांच्या पवित्र साक्रामेंताचीही, तो थट्टा करतो. कटाच्या कहाणीत थोडे सत्य, थोडे असत्य असे म्हणून मोकळा होतो. त्याच वर्षी १ जुलैला, त्याच असत्यापायी, प्लंकेट यांना टायबर्नला फाशी झाली होती. (१९७५ साली ते संत म्हणून घोषित झाले.) कवितेत त्यांची चाहूलही नाही. ज्यांचे नाव कवीच्या पक्षाला मिळाले, त्यांचे दुःख त्याने घेतले नाही. या कवितेचे मोठेपण मानूनही ही उणीव मला क्षम्य वाटत नाही.

पुढे ड्रायडन स्वतः कॅथलिक झाला. ‘द हाइंड अँड द पँथर’ (१६८७) मधले पशूंचे धर्मविवाद लांबट आहेत, रचनाही सैल आहे. तरीही तिथला सूर अधिक खरा वाटतो. १६८८ च्या राज्यक्रांतीनंतर त्याने श्रद्धा सोडली नाही. राजकवीचे पद गमावले.