पुस्तकांचा पाणवठा

फळ्यावर लिहिलं होतं, 'सर्वांसाठी खुले'. म्हणून आत गेलो. आपल्याच शहरातलं, अनुदान खाणारं एक वाचनालय. नाव सांगत नाही, कारण अशी बरीच आहेत. अनामत भरा म्हणाले, शिवाय दोन जुन्या सभासदांच्या सह्या आणा. म्हटलं, बाई, सभासद माणूस ओळखीचा असता तर पुस्तक त्याच्याकडूनच आणलं नसतं का? ग्रंथपालबाई हसल्या. बाई वाईट नव्हत्या. नियम त्यांनी केलेला नव्हता.

मित्रहो, महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं अस्पृश्यांना खुलं असल्याचा ठराव केला होता. ठराव कागदावर राहिला. पाणी ओंजळीत आलं ते २० मार्च १९२७ ला, बाबासाहेबांच्या मागं चालत गेल्यावर. हे आपल्याला पाठ आहे. पण पुस्तकाच्या बाबतीत आपण अजून ठरावावरच खूश आहोत. संविधानाचं कलम १५ (२) काढून वाचा. विहिरी, तळी, रस्ते आणि सरकारी पैशावर पूर्ण वा अंशतः चालणारी सार्वजनिक ठिकाणं, सगळी एका ओळीत बसवलीत. अनुदानावरचं वाचनालय मला त्याच ओळीतलं वाटतं.

आज कुणी जात विचारून हाकलत नाही. वेळापत्रक आपोआप हाकलतं. मी गिरणीत बारा तास असतो. दार उघडायच्या आधी निघतो, परततो तेव्हा कुलूप. आठवड्याची सुट्टी मला ज्या दिवशी, त्याच दिवशी वाचनालयालाही. पेन्शनर मंडळी मात्र पंख्याखाली चार पेपर उलगडून बसलेली असतात. बसू द्या. पण वाचक म्हणजे तेवढेच, असं कुणी ठरवलं?

१९६७ चा ग्रंथालय कायदा आहे. कर्नाटकानं १९६५ च्या कायद्यात ग्रंथालयासाठी उपकर ठेवला, आपल्या कायद्यात तो नाही. इथं सरकार बहुतेक ठिकाणी संस्थेला अनुदान देतं आणि मोकळं होतं. संस्था म्हणजे कार्यकारिणी, कार्यकारिणी म्हणजे कोण, हे मी सांगायला नको.

आता कपाटाकडं येतो, माझं खरं भांडण तिथं आहे. कथा, कादंबरी, कविता, आत्मचरित्र अशा चिठ्ठ्या लावलेल्या रांगा. आणि कोपऱ्यात, मोरीकडच्या बाजूला, एक वेगळं कपाट : दलित साहित्य. दया पवारांचं 'बलुतं' तिथं. का? ते आत्मचरित्र नाही? नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' कवितेच्या रांगेत का नाही? गावकुसाबाहेरची वस्ती कपाटातसुद्धा वेगळी बसवलीय. खरं सांगायचं तर मीही सरळ त्याच कपाटाकडं गेलो, सापडायला सोपं पडतं. पण आत्मचरित्रांची रांग धुंडाळणाऱ्या वाचकाच्या हाताला 'बलुतं' कधी लागणारच नाही. 'अस्मितादर्श'चे जुने अंक मागितले. गंगाधर पानतावण्यांनी ते ह्याच शहरातून चालवलं. उत्तर मिळालं, विद्यापीठात बघा.

बायजीपुऱ्यात २०२१ साली एका शाळकरी मुलीनं वडिलांच्या मदतीनं मुलांसाठी मोहल्ला वाचनालय काढलं. मग एकेक करत दुसऱ्या मोहल्ल्यांतही निघाली. पुस्तक पोराच्या दाराशी आलं. ह्याच गावात १९५० साली बाबासाहेबांनी कॉलेज काढलं, त्या गावात आपण काय करतोय? विहारात अभ्यासिका आहेत, ट्यूबलाइट आहेत, स्पर्धा परीक्षेची गाइडं आहेत. पोरं साहेब होवोत, माझी ना नाही. पण गवंड्यानं, धुणीभांडी करून आलेल्या बाईनं तिथं येऊन काय वाचायचं? आपलं दारही ठरावापुरतंच उघडं आहे, हे कबूल करा.

सह्या शेवटी मिळाल्या. एक शाळेतल्या गुरुजींची, एक आमच्या सुपरवायझरची. अनामत पगार झाल्यावर भरली. आता पुढल्या महिन्यात त्यांची वार्षिक सभा आहे. रात्री दहापर्यंत दार उघडं ठेवा, दोन सह्यांची अट काढा आणि कोपऱ्यातलं कपाट मोडून त्यातली पुस्तकं ज्याच्या त्याच्या रांगेत लावा, असे तीन ठराव लिहून दिलेत. अनुमोदक अजून मिळालेला नाही. तुमच्यापैकी कोण सभासद आहे तिथं?